पहिले दहा तुमचे

भाऊसाहेब,

रविवारी मी बेचाळीस किलोमीटर पळालो. तुमच्या लेकीच्या, अश्विनीच्या हाताला हात बांधून. कसं झालं ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं, पण पाय इतके धरले की दोन दिवस गिरणीची पायरी उतरतानाही भिंत धरावी लागली. आज जरा बरं आहे. दळण घेऊन कुणी आलेलं नाही, पट्टा बंद आहे. मी मोबाईलशी बोलतोय आणि तो लिहितोय. चुका बायको दुरुस्त करील.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. लोकांना तुमच्याबद्दल जे बोलायचं होतं ते तेराव्याला बोलून झालं. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, एक अपघात नाही, पोरीला पोलिसात घातलं. सगळं खरं आहे. पण मला माहीत असलेले तुम्ही सकाळी पाच ते सात या वेळातले. त्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण तिथं आपण दोघंच असायचो.

बाजरीचा डबा घेऊन तुम्ही पहिल्यांदा गिरणीत आलात त्याला चार वर्षं होऊन गेली. मी दळण टाकलं आणि तुम्ही भिंतीपाशी काहीतरी चाचपत राहिलात.

"हे मेडल कुनाचं रं? पिठानं पार झाकलंय."

"माझं. शाळेतलं. डोळे होते तेव्हाचं."

"बरं. आन् पायाला काय झालं?"

एकोणिसाव्या वर्षी माझी नजर गेली. त्यानंतर जो तो मला डोळ्यांबद्दलच विचारत आला. कुठला डॉक्टर केला, कुठल्या देवाला गेलास. पायांबद्दल विचारणारे तुम्ही पहिले. मला त्याचा असा राग आला की तुमची बाजरी मी मुद्दाम जाडसर काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. मला वाटलं, भांडायला आलात.

"भाकर थापताना फुटती म्हनती बायको," तुम्ही म्हणालात. "ते जाऊ दे. उद्या पाचला येतो. बूट हायेत का?"

पीठ मुद्दाम बिघडवलं होतं, हे तुम्हाला चार वर्षांत सांगायचं राहून गेलं. आज सांगितलं.

वहिनींच्या जुन्या साडीचा काठ कापून तुम्ही त्याची दोरी वळली, दोन टोकांना दोन फासे केले. एक माझ्या डाव्या मनगटात, एक तुमच्या उजव्या. मध्ये वीतभर अंतर. पहिल्या दिवशी शेवगाव रस्त्याला मी शंभर पावलं पळालो आणि थांबलो. छाती भरून आली होती ती दमानं नाही, भीतीनं. समोर भिंत असेल, खड्डा असेल, काय असेल कुणास ठाऊक. तुम्ही धीर दिला नाहीत. तुम्ही बोलायला लागलात. "उजवीकडं बाभळ. तिच्याखाली कुत्रं झोपलंय, ते काय उठत न्हाई. समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय, दोन ट्रॉल्या, आपन कडंला सरू. आता शंभर पावलं निव्वळ डांबर. पळ." मी पळालो. त्या दिवसापासून तुम्ही दिसेल ते बोलत गेलात आणि मी त्यातून पळत गेलो.

आपलं भांडण सुरू झालं ते वेगावरून. शाळेत मी पहिल्या पावलापासून पुढं असायचो. मला तसंच पळता यायचं. तुम्ही मात्र लगाम धरून बसलेले. तुमचं बालपण उसाच्या फडावर गेलेलं. आईबाप ऊस तोडायचे आणि तुम्ही भरलेल्या बैलगाडीमागं कारखान्यापर्यंत पळत जायचात.

"बैलाकडं बघायचो मी," तुम्ही सांगायचात. "गाडी रिकामी असली की उधळतो. भरलेली असली की एकच चाल धरतो, ती कारखान्याच्या वजनकाट्यावर जाईस्तोवर सोडत न्हाई. बेचाळीस किलोमीटर म्हंजी भरलेली गाडी हाय, संतोष."

मग तुम्ही वाटणी करून टाकली. पहिले दहा माझे, तुम्ही म्हणालात, त्यात येगाबद्दल तू बोलायचं न्हाई. मधले वीस रस्त्याचे, रस्ता सांगंल तसं जायचं. शेवटचे बारा तुझे, तवा मी बोलनार न्हाई.

पहिल्या दहात तुम्ही मला बोलतं ठेवायचात. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांग, बायकोशी काय भांडलास ते सांग. माझं वाक्य मध्येच तुटलं की दोरीला हलका हिसका बसायचा. म्हणजे हळू. मी चिडायचो. शर्यत सुटली की दोन्ही बाजूंनी शेकडो बूट धाडधाड पुढं निघून जातात. ज्याला दिसतं त्याला ती माणसं वळणापर्यंत दिसत राहतात. मला फक्त त्यांचं जाणं ऐकू येतं, आणि मग शांतता. सगळं जग आपल्याला टाकून गेलं असं वाटतं. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं.  तुम्ही म्हणालात, "जाऊ दे त्यांना. तिसाच्या पुढं भेटतील."

आणि खरंच भेटायचे. तिसाव्या किलोमीटरनंतर कुणाचे बूट घासत चाललेले, कुणी उलटी करतोय, कुणी रस्त्याकडेला बसून पोटऱ्या चोळतोय. तुम्ही हळूच सांगायचात, "गेला एक." मी हसायचो. पण पुढच्या शर्यतीला सुरुवातीला परत तेच भांडण.

दुसरं भांडण त्याहून मोठं, आणि ते मिटलं नाही.

आपली पहिली बेचाळीसची शर्यत. नगरहून निघून पाथर्डी रस्त्याला एकवीस किलोमीटर जायचं आणि फिरून यायचं. परतीला माझे पाय गेले. मी विचारलं, "किती राहिलं?" तुम्ही म्हणालात, "तीन." तीन म्हटल्यावर मी होतं नव्हतं ते सगळं काढलं. दात आवळून पळालो. बराच वेळ पळालो. तेवढ्यात पाण्याच्या टेबलावरची एक बाई टाळ्या वाजवत ओरडली, "शाब्बास दादा, आता पाचच राहिले!"

मी थांबलो. फाशातून हात काढून घेतला आणि भर रस्त्यात उभा राहिलो.

"भाऊसाहेब, किती राहिलेत?"

तुम्ही माझा हात परत फाशात घालायला बघितलंत.

"किती?"

"पाच."

"आणि मघाशी?"

"सहा."

ते पाच किलोमीटर मी चालत काढले. तुम्ही एक हात मागं राहून नुसते "उजवीकडं", "डावीकडं" म्हणत होतात. शेवटच्या रेषेपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मला नको झाल्या.

अठरा दिवस तुम्ही आला नाहीत. बाजरी अश्विनीबरोबर पाठवायचात. एकोणिसाव्या दिवशी पाचला दारात तुमच्या बुटांचा आवाज झाला. मी आधीच बूट घालून बसलो होतो. हे मात्र तुम्हाला कळलं असणार. निम्मी वाट पळून झाली. मग तुम्हीच सुरू केलंत.

"घाटात गाडीचा ब्रेक नरम लागला तर मी मागं वळून पाशिंजरला सांगत न्हाई. गप गाडी खाली आनतो."

"मी पॅसेंजर नाही, भाऊसाहेब. मी पळतोय."

"खरं सांगितलं असतं तर तू थांबला असतास."

"थांबलो असतो तर माझा मी थांबलो असतो. मला दिसत नाही म्हणून तुम्ही अंतर बदलून सांगायचं?"

तुम्ही त्यावर "बरं" म्हणालात. चुकलो म्हणाला नाहीत. मीही माफ केलं म्हणालो नाही. पुढच्या वर्षी आपण तीच शर्यत चार तास नऊ मिनिटांत काढली. सगळ्या वाटेवर मी एकदाही किती राहिलं ते विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. त्याच वेळी ठरलं, पुढल्या खेपेला चार तासांच्या आत. भांडण तसंच राहिलं.

मग तुम्हाला ताप आला. डेंग्यू. नगरला दवाखान्यात नेलं. मला वाटलं, चार दिवसांत याल. मी भेटायला आलो नाही. दवाखान्यात मी काय बघणार होतो, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"आज पळालास का?"

"कुणाबरोबर पळू?" मी म्हणालो. नीट बोललो नाही, खेकसलो.

"येतो लवकर," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलता येत नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी तुम्ही नव्हतात. ते माझं शेवटचं वाक्य. पाच आठवडे रोज सकाळी मी ते गिळून पळालो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, असल्या गोष्टीचं वजन घेऊन पळायचं नसतं, पहिल्या पाण्याच्या टेबलावर ठेवून द्यायचं. रविवारी तसंच केलं.

तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाचला दार वाजलं. पावलं हलकी होती, तुमची नव्हती.

"काका, मी अश्विनी. शर्यतीला पाच आठवडे राहिलेत. मी विचारून घेतलंय, सोबत्याचं नाव बदलता येतं."

"तू बेचाळीस पळालीस कधी?"

"एकवीस दोनदा पळालेय. बेचाळीस नाही."

"मग?"

"मग काय? तुम्हाला येतं ना."

ही तुमचीच. मी बूट शोधायला लागलो.

पोरीला वेग किती आहे हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पोलीस भरतीत आठशे मीटरला पहिली आलेली, ती आठशे मीटरसारखीच सुटली. माझा खांदा निखळायची वेळ आली. "हळू," मी म्हणालो. "काका, हे हळूच आहे." "मग बोल माझ्याशी. सलग बोल. काल ड्युटीवर काय झालं ते सांग." चौथ्या वाक्याला तिचा दम तुटला. मी दोरीला हिसका दिला. देऊन झाल्यावर लक्षात आलं, चार वर्षं ज्या हिसक्यावरून मी तुमच्याशी भांडलो, तो आता माझ्या हातातून गेला होता.

तिला बघून सांगायचंही कळेना. मी म्हणालो, "मला दाखव." "काय?" "दिसेल ते." "रस्ता दिसतोय." "आणि?" "रस्ताच." मग हळूहळू सुरू झाली, पण सुरू झाली ती पोलीस ठाण्यात लिहून घेतल्यासारखी. "समोरून दुचाकी, इसम तीन, हेल्मेट नाही. डावीकडे इसम एक, हातात तांब्या, आपल्याकडे संशयाने बघतोय." भाऊसाहेब, मला हसू आवरेना. तुमच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसलो तो शेवगाव रस्त्यावर, त्या तांब्यावाल्यामुळं.

रविवार उजाडला. नगरला मैदानावर गर्दी, भोंगे, पायाला चोळायच्या तेलाचा वास. शर्यत सुटली आणि नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी ती धाडधाड निघाली. अश्विनीचा हात ताणला गेला.

"काका, सगळे चाललेत पुढं."

"जाऊ दे त्यांना."

"अहो, मागं कुणीच राहिलं नाही!"

"अश्विनी, तुझ्या वडिलांनी तुला गाडी कशी शिकवली ते सांग. पहिल्यापासून."

पहिले दहा किलोमीटर तिनं ते सांगितलं. तुम्ही स्कूटीच्या मागं पळत होतात, ती विहिरीकडं वळली, तुम्ही ओरडलात आणि ती घाबरून उलट जोरात गेली. सगळं ऐकलं. तिचं एक वाक्य तुटलं नाही, माझं एक पाऊल वाढलं नाही. भाऊसाहेब, पहिले दहा तुमचे होते. तुम्ही नसताना मी ते तुमचे तुम्हाला पूर्ण दिले.

चांदबिबी महालाच्या चढाला मी पावलं आखूड केली. चढाला घड्याळ बघायचं नाही, श्वास बघायचा, हे तिला सांगितलं. तीन पावलांत आत, तीन पावलांत बाहेर. तिचा श्वास माझ्या श्वासावर आला तेव्हा दोरी अगदी सैल पडली. आपली पडायची तशी.

एकवीसला फिरलो तेव्हा दोन तास एक मिनिट झालं होतं.

"काका, आपण मागं आहोत. असंच गेलो तर चाराच्या आत नाही बसत."

"बसतं."

"कसं?"

"आता रस्ता सांगेल."

जाताना ज्या उतारानं पाय सुखावले होते तोच येताना चढ होऊन उभा राहिला. तो संपला आणि बूट ऐकू यायला लागले. घासणारे, अडखळणारे. "काका, निळा शर्ट, चालतोय." गेला एक. "दोघं आहेत, एकाला पेटका आलाय." गेले. मोजायचं मी तिच्यावर सोडलं. मोजता मोजता तिचा आवाज चढत चालला होता.

आणि चौतिसाव्याला माझे पाय गेले. मांड्यांत पिठाची पोती भरल्यासारखं झालं. डोक्यात एकच, थांब. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, विचारलं तर खरं सांगायचं, काय वाट्टेल ते होवो. मी विचारलं.

"किती राहिलं?"

 तिनं घड्याळाचं बटण दाबलेलं मला ऐकू आलं.

"आठ."

भाऊसाहेब, त्या घटकेला मला वाटलं, हिनं पाच म्हणायला हवं होतं. चार म्हणायला हवं होतं. तुमच्या बाजूनं तो रस्ता मी पहिल्यांदा बघितला. तुमच्या हाताला एक माणूस बांधलेला आहे, तो बुडतोय, आणि तुमच्या तोंडात फक्त एक आकडा आहे. तुम्ही का खोटं बोललात ते मला तिथं कळलं. तरी सांगतो, तुम्ही चुकलात. कारण आठ ऐकून मी थांबलो नाही. आठ होते ते माझे आठ होते. ते मला माहीत होते, म्हणून मी त्यांचे तुकडे करू शकलो.

तुकडे करायला तुम्हीच शिकवलं होतं. तुमच्या गाडीचे थांबे. शंभर पावलांना एक थांबा. त्या थांब्याच्या पुढचा विचार करायचा नाही. मी मोठ्यानं सुरू केलं, "पाथर्डी." शंभर पावलं. "निवडुंगे." अश्विनीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या शंभराला ती माझ्या आधी म्हणाली, "तिसगाव." मग दोघं मिळून, देवराई, करंजी. तिचा आवाज फाटला होता, पण पावलं फाटली नव्हती. नगरला पोचलो की परत पाथर्डीपासून. दुसऱ्या फेरीच्या करंजीला मला जाणवलं, पोती कुठंतरी उतरली आहेत. पाय परत माझे झाले होते.

"काका, तीन राहिले. खरे तीन."

"घड्याळ?"

"तीन तास बेचाळीस."

"तू सांग, बसतं का?"

"पळा!" ती ओरडली.

शेवटचे तीन आम्ही कसे पळालो ते मला नीट सांगता येणार नाही. तिनं बघून सांगायचं सोडून दिलं, मीही विचारलं नाही. दोरी होती का नव्हती तेही कळत नव्हतं. लोकांचा आवाज आधी लांबून, मग अंगावर आला. भोंग्यावर कुणीतरी आमच्या छातीवरचे आकडे वाचत होतं. पायाखाली रबराची पट्टी लागली आणि अश्विनीनं मला मिठी मारली, अशी मारली की दोघंही खाली बसलो.

"तीन अठ्ठावन्न," ती म्हणाली. "काका, तीन तास अठ्ठावन्न. दुसरा निम्मा पहिल्यापेक्षा चार मिनिटं फास्ट. एकशे बारा जण मागं टाकले आपण परतीला." आणि मग तुमची पोलीस पोरगी मैदानावर मांडी घालून मोठमोठ्यानं रडली आणि हसली. मी रडलो नाही. माझ्या छातीत एवढी मोठी जागा झाली होती की तिथं रडू मावलंही असतं आणि हरवलंही असतं. मी तुमचं नाव घेऊन ओरडलो. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शेजारचा एक जण म्हणाला, "कुणाला हाक मारताय?" अश्विनी म्हणाली, "आमच्या सोबत्याला."

दुपारी जीपनं पाथर्डीला आलो. तुमच्या घरी वहिनींनी चहा ठेवला, पाय धुवायला गरम पाणी दिलं. मेडल त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते देवापाशी ठेवलं. वहिनी कधी शर्यतीला आल्या नव्हत्या, पहाटेही कधी रस्त्याला आल्या नव्हत्या. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "संतोषभाऊ, एक विचारू का? ते पळताना कसे दिसायचे?"



"वहिनी, मी त्यांना कधी पाहिलं नाही."

"ते मला म्हाईत हाय. पर तुमीच रोज संगं हुता."

तेव्हा मी सांगितलं. उजवा पाय डाव्यापेक्षा जरा जास्त वाजायचा. चढाला नाकातून शीळ यायची. उताराला गाणं म्हणायचे, एकच ओळ, तीही चुकीची. कोपर माझ्या कोपराला घासायचं ते दर चौथ्या पावलाला. सांगून पुरेना म्हणून मी उठलो. पाय हलत नव्हते, तरी तुमच्या चुलीपुढं, हात छातीशी घेऊन, मी जागच्या जागी तुमच्यासारखं पळून दाखवलं. उजवा पाय जोरात, डावा हळू, नाकातून शीळ.

वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. "व्हय," त्या म्हणाल्या, "व्हय, असंच. जिन्यानं बी असंच यायचे." आणि त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, दम लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "थांबू नका, भाऊ. आजून थोडं."